बहाद्दरांचा अंगठा

बहाद्दर स्टुलावर बसतात ते अर्ध्याच. उरलेलं अर्धं रिकामं ठेवतात, कारण कुठल्याही क्षणी उठावं लागेल याची त्यांना खात्री असते. आणि ते उठतातच. ऑक्सिजनचा काटा बघून येतात, सक्शनची नळी जागेवर आहे ना ते बघून येतात, परत टेकतात, की लगेच त्यांना आठवतं, मघाशी काटा बघितला तेव्हा चष्मा डोक्यावर होता. पुन्हा उठतात. बावीस वर्षं मी हे बघते आहे. पहिली दोन वर्षं गंमत वाटली. पुढची वीस वर्षं माझं डोकं फिरत आलं आहे.

मी भूल देणारी डॉक्टर आणि ते माझे टेक्निशियन. त्यांचं खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल. 'अंगठेबहाद्दर' हे नाव आमच्या हाडांच्या सर्जनने ठेवलं. वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाला असं नाव ठेवणं म्हणजे निव्वळ वात्रटपणा. पण नाव चिकटलं, त्यातला अंगठा गळून पडला आणि नुसते बहाद्दर उरले. तेही विनोदीच, कारण लिफ्टमध्ये एकटं चढायला घाबरणारा माणूस आहे हा.

अंगठ्याचं कारण मात्र खरं होतं. हाताचं किंवा खांद्याचं ऑपरेशन असलं की दर वेळी अख्खा माणूस झोपवावा लागत नाही. मानेतून निघून हाताकडे जाणाऱ्या नसा गळ्याखालच्या आडव्या हाडामागून खाली उतरतात. तिथे त्यांच्या भोवती औषध सोडलं की तेवढा हात झोपतो आणि माणूस जागा राहून आपल्याशी गप्पा मारतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्या नसांचा घोस दिसतो. माझ्या एका हातात कातडीवर टेकवायचा प्रोब, दुसऱ्या हातात सुई आणि दोन्ही डोळे पडद्यावर. तिसरा हात मला दिलेला नाही. म्हणून सुईला जोडलेली लांब नळी आणि तिच्या टोकाची औषधाची सिरिंज बहाद्दरांकडे असते. मी 'सोडा' म्हणायचं, त्यांनी अंगठ्याने दट्ट्या दाबायचा.

औषध नसेच्या भोवती पडायला हवं, नसेच्या आत नव्हे. आत गेलं तर नस दुखावते, आणि हात महिनोन्महिने लुळा राहू शकतो. क्वचित कायमचा. पडद्यावर सगळं दिसतं असं लोकांना वाटतं, पण सगळं काही दिसत नाही. सुईचं टोक भलत्या ठिकाणी घुसलं असेल तर बऱ्याचदा ते सगळ्यात आधी दट्ट्यावरच्या अंगठ्याला कळतं. दट्ट्या अडतो, जड लागतो. अंगठेवाल्याने 'जड' म्हटलं की डॉक्टरने थांबायचं आणि सुई मागे घ्यायची, हा नियम. तो दाब मोजायची यंत्रंही मिळतात. आमच्याकडे बहाद्दर होते.

या हॉस्पिटलात ते आले ट्रॉली ढकलायला. तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं, असं तेच सांगतात. पेशंटला थिएटरच्या दारापर्यंत सोडायचं आणि परत फिरायचं, एवढंच काम. पण यांना परत फिरवेना. 'त्या पेशंटचं पुढं काय झालं?' म्हणून दाराबाहेर घुटमळत राहायचे. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, बाबा रे, एवढी काळजी आहे तर आतच ये. मग त्यांनी कोर्स केला, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पहिले आले. मुलगी चार वर्षांची असताना बायको गेली. ड्यूटी संपली की धावत शाळेत, शाळेतून धावत घरी, स्वयंपाक करता करता दोनदा दाराची कडी बघून यायची. मुलीने एकदा मला सांगितलं, "बाबांना झोपलेलं मी कधी पाहिलंच नाही. मी झोपायच्या आधी ते जागे, उठायच्या आधीही जागे." ती हे हसत सांगत होती.

तर अशा माणसाचा अंगठा. त्याला जरा कुठे शंका आली की 'जड'. मी सुई मागे घ्यायची, पुन्हा पडद्यावर शोधायचं, पुन्हा 'सोडा', पुन्हा 'थांबा, जड'. दहातल्या आठ वेळा काही नसायचं. उरलेल्या दोन वेळा काय असायचं ते मी मोजलं नाही. जे घडलं नाही ते कोण मोजतो? त्या आठ वेळांचा हिशोब मात्र माझ्या डोक्यात पक्का बसला होता.

गेल्या वर्षी स्टोअरमधून नव्या सिरिंजांचा गठ्ठा आला. दट्टे कडक. बहाद्दरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, ह्या सिरिंजा बरोबर नाहीत. सगळंच जड लागतंय, खरं-खोटं कळत नाही." मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं. कागद कुठे गेला कुणास ठाऊक. मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. सकाळी लवकर येऊन प्रत्येक सिरिंजचा दट्ट्या पंचवीस वेळा मागेपुढे करायचा. सर्जन दारातून म्हणायचा, "काय बहाद्दर, रियाज चाललाय?" सगळे हसायचे. मीही हसायचे.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या विहीणबाई पडल्या.

मुलीचं लग्न होऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं. सासूबाई घड्याळं दुरुस्त करायच्या. नवरा गेल्यावर दुकान बंद होईल असं सगळ्यांना वाटलं, तर या बाईंनी डोळ्याला भिंग लावलं आणि दुकान आधीपेक्षा जोरात चालवून दाखवलं. केसाहून बारीक स्प्रिंगा चिमट्याने उचलणारा उजवा हात. सुनेलाही शेजारी बसवून शिकवत होत्या. टेबलावर चढून भिंतीवरचं मोठं घड्याळ उतरवताना तोल गेला आणि उजव्या दंडाचं हाड कोपराच्या वर मोडलं. घड्याळ त्यांनी सोडलं नाही. त्याला ओरखडाही आला नाही, असं त्या दाखल होताना अभिमानाने सांगत होत्या.

बहाद्दरांनी त्यांना इथे आणलं आणि भेटेल त्याला 'या आमच्या विहीणबाई' असं सांगत सुटले. त्यामुळे दुपारपर्यंत अख्खं हॉस्पिटल त्यांना विहीणबाई म्हणायला लागलं. मी तपासायला गेले तेव्हा त्यांनी आधी मलाच तपासलं.

"पूर्ण झोपवायचं नाही," त्या म्हणाल्या. "मागे एकदा झोपवलं होतं, दोन दिवस ओकत होते."

"फक्त हात झोपवू," मी म्हटलं.

"किती तास?"

"आठ ते बारा. फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत."

"आठ की बारा? यात चार तासांचा फरक आहे, डॉक्टर."

"बारा धरा."

"बरं. बारा." आणि त्यांनी उशीखालून मनगटी घड्याळ काढून बघितलं. जणू मोजायला तेव्हापासूनच सुरुवात. मी त्यांची बोटं, मनगट, अंगठा सगळं हलवून घेतलं. सगळं व्यवस्थित हलत होतं. तसं लिहिलं.

त्याच दिवशी, सोमवारी, मी बहाद्दरांवर ओरडले. मी एका पेशंटच्या खांद्याला ब्लॉक, म्हणजे हीच नसांभोवतीची भूल, देत होते आणि बहाद्दर पाच वेळा जड म्हणाले. पाच वेळा! बाहेर सर्जन दारावर टिचक्या मारत होता, पेशंट वैतागला होता, माझी मान अवघडली होती. सहाव्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि माझा तोल सुटला. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "बहाद्दर, तुम्हाला स्वतःचा अंगठाच जड झालाय. जरा गप्प बसा. उद्यापासून खरंच काही असेल तरच बोला, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." ते 'बरं मॅडम' म्हणाले आणि औषध सोडलं. त्या पेशंटला काहीही झालं नाही. त्यामुळे आपलं बरोबरच होतं असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी घरी निघताना ते माझ्या टेबलाशी आले. एका पायावरून दुसऱ्या पायावर चुळबुळ चाललेली. "मॅडम, उद्या विहीणबाईंच्या वेळी दुसऱ्या कुणाला घ्याल का? घरचं माणूस आहे. माझा हात नीट चालणार नाही."

"दुसऱ्या कुणाला माझ्या हाताची सवय नाही," मी म्हटलं. "आणि घरचं, बाहेरचं असं काही नसतं इथे. या वेळेवर."

ते आले. वेळेच्या तासभर आधी आले.

मंगळवारी विहीणबाई टेबलावर मजेत होत्या. समोर बघत म्हणाल्या, "हे भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे." मी मान स्वच्छ केली, प्रोब ठेवला, सुई आत घेतली. नसा दिसत होत्या, सुईचं टोक दिसत होतं, निदान मला तसं वाटत होतं. 'सोडा' म्हटलं. औषध पडलं. सुई थोडी सरकवली. पुन्हा 'सोडा'. विहीणबाईंनी डोळे गच्च मिटले.

"काय झालं?"

"बोटांत काहीतरी सळकलं."

"होतं तसं. बहाद्दर, हलकं आहे ना?"

एक क्षण गेला. मग ते म्हणाले, "हलकं."

मी पुढचं औषध सोडायला सांगितलं. आमच्या फॉर्मवर एक चौकट असते, औषध सोडताना दाब कमी की जास्त. मी 'कमी'वर खूण केली. खरं सांगायचं तर ती खूण मी बऱ्याचदा आधीच करून ठेवते. त्या दिवशीही केलेलीच होती.

ऑपरेशन छान झालं. अर्ध्यात विहीणबाईंनी विचारलं, "माझा उजवा हात पोटावर कशाला ठेवलाय?" तो तर सर्जनच्या समोर होता. उजवा कुठे आहे ते त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे सगळाच हिशोब चुकला होता. सर्जन खळखळून हसला. त्यासुद्धा हसल्या. बहाद्दर तेवढे हसले नाहीत. ऑपरेशन संपेपर्यंत ते उभे होते, एका जागी, हातात ती रिकामी सिरिंज धरून. मला ते तेव्हा खटकायला हवं होतं.

बुधवारी सकाळी मी वॉर्डात गेले तर विहीणबाई उठून बसलेल्या. "बावीस तास," त्या म्हणाल्या. "तुम्ही बारा म्हणालात."

खांदा हलत होता. कोपर वाकत होतं, बोटांची मूठ होत होती. पण मनगट वर येत नव्हतं. हात पुढे धरला की पंजा खाली लोंबायचा आणि अंगठा बाजूला होत नव्हता. मी टाचणीने टोचून पाहिलं. हाताच्या मागच्या बाजूला अंगठ्याजवळ त्यांना काही कळेना.

"येईल," मी म्हटलं. "काहींना वेळ लागतो."

"किती?"

पलंगाच्या पायथ्याशी मुलगी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग बापाकडे. बहाद्दर दाराशी होते, आत येत नव्हते.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. "मॅडम, जड होतं."

"काय?"

"काल. दुसऱ्यांदा सोडा म्हणालात तेव्हा. जड होतं आणि मी हलकं म्हणालो."

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "हळू बोला." पहिलं वाक्य हे. मग त्यांना समजावायला लागले. हाड मोडतानाही ती नस दुखावते, ती हाडाला चिकटूनच जाते. सर्जनच्या हत्यारानेही दुखावते. पट्टी घट्ट बसली तरी दुखावते. नक्की कशाने झालं हे कुणीच सांगू शकत नाही. मी म्हणत होते त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून तर ते इतकं सोपं जात होतं.

"पण ती फॉर्मवरची खूण खोटी आहे, मॅडम."

"दोन दिवस थांबू. आपोआप सुधारलं तर उगाच कशाला?"

"आणि नाही सुधारलं तर? माझ्या पोरीला त्याच घरात राहायचंय. उद्या तिला दुसरीकडून कळलं की बापाला माहीत होतं..." ते जिना उतरून खाली गेले, परत वर आले, माझ्याकडे बघून परत खाली गेले.

ते दोन दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. घरी नवऱ्याने काही विचारलं तर मी त्याच्या अंगावर धावून जायचे. जेवायला बसले की वाटायचं, वॉर्डातून फोन आला. वाजलेला नसायचा. दिवसातून चारदा मी विहीणबाईंकडे जायचे, पंजा हातात घ्यायचे, 'वर करा' म्हणायचे. पंजा तसाच. मज्जातंतूंच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी मान हलवली, तपासणीला तीन आठवडे थांबा म्हणाले. मी सर्जनला विचारलं, तुझ्या हातून नसेला काही? तो भडकला. "मी नस डोळ्यांनी बघितली, बाजूला धरली, जशीच्या तशी ठेवली. तू तुझं बघ." मी माझं बघत नव्हते. फॉर्म फाइलमध्ये होता, फाइल नर्सच्या टेबलावर होती आणि मी त्या टेबलावरून मुद्दाम लांबून जात होते.

शुक्रवारी दुपारी पुन्हा गेले. विहीणबाईंच्या पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता. आतून बहाद्दरांचा आवाज आला आणि मी बाहेरच थांबले.

"विहीणबाई, एक सांगायचंय."

"आधी पाय हलवायचे थांबवा. पलंग हलतोय."

मग ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला औषध सोडलं ना, ते मी सोडत होतो. दट्ट्या दाबताना जड लागला तर सांगायचं असतं. म्हणजे डॉक्टर थांबतात. मला जड लागला. मी हलकं म्हणालो. म्हणून तुमचा हात असा झाला असेल. नसेलही. पण असेल."

"का म्हणालात हलकं?"

"नव्या सिरिंजा कडक आल्या होत्या. मला वाटलं..." ते थांबले. "नाही. हे खोटं. तुमच्यासाठी मी जुन्या गठ्ठ्यातली एक सिरिंज शोधून बाजूला ठेवली होती. लोण्यासारखी चालणारी. ती जड लागली म्हणजे खरंच जड होतं. मला कळलं होतं."

हे मला माहीत नव्हतं. बुधवारी जिन्यात त्यांनी हे सांगितलं नव्हतं. किंवा मी सांगू दिलं नव्हतं.

"बाबा!" मुलगी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

"तू थांब," विहीणबाई म्हणाल्या. "किती वेळ जड लागलं?"

"पाच सेकंद. सहा असतील."

"पाच सेकंदांत माणूस बोलू शकतो."

"शकतो."

"डॉक्टरबाईंना हे ठाऊक आहे?"

मनातल्या मनात मी त्यांना काय सांगत होते ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणत होते, नाही म्हणा.

"नाही," बहाद्दर म्हणाले. "त्यांची काही चूक नाही. त्यांनी मला विचारलं, हलकं आहे ना. मी फसवलं त्यांना. जे काय बोलायचं ते मला बोला. फक्त पोरीला त्याचं काही..."

पडदा मी बाजूला केला. धैर्य वगैरे काही नव्हतं. तिथे उभं राहणं अशक्य झालं होतं, एवढंच.

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "बुधवारी सकाळपासून ठाऊक आहे. यांनी लगेच सांगितलं होतं, मी गप्प बसवलं. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर यांना दम दिला होता की सारखं जड जड म्हणू नका. हे म्हणाले होते, दुसऱ्या कुणाला घ्या, तेही मी ऐकलं नाही. सुई माझ्या हातात होती."

बहाद्दर खुर्चीतून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मुलगी रडत होती. विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या, भिंगातून बघावं तसं, जवळून आणि सावकाश.

"बुधवारपासून तुम्ही रोज चारदा येताय," त्या म्हणाल्या. "माझा पंजा हातात धरून 'वर करा' म्हणताय. तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला काही वाटत नव्हतं?"

"भीती वाटत होती."

"कशाची? माझ्या हाताची की तुमच्या नावाची?"

त्यांना उत्तर कळलं होतं.

"माझ्या हातून कुणाच्या घड्याळाची स्प्रिंग तुटली तर गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत मी ते सांगते. मग ते शिव्या देतं, मी ऐकून घेते. तुम्हालाही द्यायच्यात. आत्ता अंगात त्राण नाही." मग त्या बहाद्दरांकडे वळल्या. "व्याही, इकडे बघा. भिंतीला काय सांगताय? हे मनगट रोज दोन वेळा हलवून द्यायला लागणार आहे, फिजिओवाली म्हणाली. पोरीला दुकान बघायचंय. तुम्ही यायचं. ड्यूटी संपली की रोज. दांडी मारलीत तर मग मात्र मी तुमच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करीन."

"येतो," बहाद्दर म्हणाले. तोंड दोन्ही हातांत लपवून हा माणूस ढसाढसा रडला.

फॉर्मवरची खूण मी त्याच दुपारी खोडली आणि खाली काय घडलं ते लिहून सही केली. बैठक झाली, मला ऐकायचं ते ऐकावं लागलं, सर्जन महिनाभर बोलत नव्हता. कडक सिरिंजांचा गठ्ठा परत गेला. बहाद्दरांचा तो हरवलेला कागदही सापडला, माझ्याच टेबलाच्या खणात. दाब मोजायचं यंत्र आलं. ते छोटं आहे, नळीतच बसतं आणि कुणाला घाबरत नाही.

बहाद्दर रोज गेले. पाच आठवडे त्या मनगटाने काही म्हणून दाद दिली नाही. मुलगी मला फोनवर सांगायची, बाबा येतात, खाली बसतात, आईंचा पंजा मांडीवर घेतात, अर्धा तास तो वर-खाली करतात, आई त्यांना घड्याळ लावून देतात. दोघं फारसं बोलत नाहीत. बोलले तर दुकानाबद्दल. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी पंजा तांदळाच्या दाण्याइतका वर उचलला गेला. बहाद्दरांना वाटलं भास झाला, विहीणबाई म्हणाल्या, भास मला होत नाहीत. नंतर बोटं आली. अंगठा सगळ्यांत शेवटी, अकराव्या आठवड्यात. त्या तपासायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावरची टाचणी चिमट्याने उचलून दाखवली आणि काही न बोलता खाली ठेवली. मला वाटतं शिव्या त्यांनी माफ केल्या असाव्यात. विचारायची हिंमत मला झालेली नाही.

बहाद्दरांनी मात्र माझं टेबल सोडलं. अर्ज दिला, शेजारच्या थिएटरात गेले. तिथे एक तरुण डॉक्टरीण आहे, तिच्याबरोबर दिवसभर कामं करतात. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज येतो, 'थांबा मॅडम, जड.' आणि ती थांबते. मी ऐकते तेव्हा माझं स्वतःच्या पडद्यावरचं लक्ष उडतं.

मी तीनदा विचारलं त्यांना, परत या म्हणून. पहिल्या दोन वेळा नुसते हसले. परवा तिसऱ्यांदा मी त्यांना कपडे बदलायच्या खोलीत गाठलं, दार लावलं आणि हात जोडले. आयुष्यात कुणापुढे जोडले नव्हते. म्हणाले, "बहाद्दर, तुमच्यावर परत कधी ओरडणार नाही. शपथ घेऊन सांगते."

त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. माझे जोडलेले हात खाली करायला लावले. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या ओरडण्याचं काही नाही हो. तुम्ही बावीस वर्षं ओरडताय, मला सवय आहे. मला माझीच भीती वाटते. तुमच्यासमोर मी परत हलकं म्हणेन."